मोडायला ऊर्जा कशाला?

जेवणातल्या डाळीचे किंवा माशाचे प्रथिन पोटात आणि आतड्यात मोडते, तेव्हा त्या मोडण्यासाठी शरीराला वेगळी ऊर्जा पुरवावी लागत नाही. ट्रिप्सिनसारखे पाचक एन्झाइम परीक्षानळीत घ्या, त्यात थोडे प्रथिन सोडा. अमिनो आम्लांची साखळी आपसूक तुटत जाईल. रसायनशास्त्राचा हिशोबही हेच सांगतो. साखळी जोडणे खर्चाचे काम, तोडणे बिनखर्चाचे.

म्हणूनच १९५३ साली अमेरिकेत मेल्विन सिम्प्सन यांना जे दिसले ते कोड्यात टाकणारे होते. त्यांनी उंदराच्या यकृताच्या पातळ चकत्या घेतल्या होत्या. त्यांतल्या प्रथिनांवर किरणोत्सारी अमिनो आम्लांची खूण आधीच केलेली होती. ती प्रथिने मोडून अमिनो आम्ले किती वेगाने सुटी होतात, हे ते मोजत होते. पेशीची ऊर्जा बनवण्याची वाट बंद केली की हे सुटे होणे मंदावायचे. जे काम फुकटात व्हायला हवे, त्यासाठी पेशी इंधन खर्च करत होती. कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला २७ वर्षे लागली. मधल्या काळात बहुतेकांनी त्याकडे पाठ फिरवली. उत्तर मिळाले तेव्हा मात्र पेशीबद्दलची एक मूळ समजूतच बदलली. कोणते प्रथिन किती बनवायचे यावर पेशी जेवढा ताबा ठेवते, तेवढाच ताबा ती कोणते प्रथिन कधी मोडायचे यावरही ठेवते. पेशीच्या कारभारात मोडणे हा बनवण्याइतकाच मोठा निर्णय असतो. हे कळण्याची गोष्ट सुरू होते ती सिम्प्सन यांच्याही आधी, जर्मनीतून परागंदा झालेल्या एका रसायनशास्त्रज्ञापासून.

जड नायट्रोजनची साक्ष

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरातली प्रथिने स्थिर मानली जात. १९०५ मध्ये ओटो फोलिन यांनी मांडलेला विचार तेव्हा सर्वमान्य होता. आहारातले प्रथिन आणि शरीराचे स्वतःचे प्रथिन यांचे हिशोब वेगळे, असे तो सांगे. आहारातले प्रथिन जळून जाते, शरीराच्या प्रथिनाची फक्त थोडीशी झीज होते. शरीर म्हणजे इंजिन आणि अन्न म्हणजे त्यात घातलेला कोळसा. कोळसा जळतो, इंजिनाचे लोखंड तसेच राहते.

रुडॉल्फ शोनहायमर हे १८९८ साली बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी फ्रायबुर्गमधले काम सोडले आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. दोनच वर्षांपूर्वी याच विद्यापीठात हॅरॉल्ड युरी यांनी जड हायड्रोजन शोधून काढला होता. युरींच्या हाताखाली शिकलेले डेव्हिड रिटेनबर्ग शोनहायमर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि दोघांना एक विलक्षण साधन सापडले. अन्नातल्या अणूवर खूण करायची, ते अन्न प्राण्याला खाऊ घालायचे आणि तो अणू शरीरात कुठे जातो ते पाहायचे. काही वर्षांत युरींकडून जड नायट्रोजनही मिळू लागला. प्रथिनांचा माग काढायला याहून चांगली खूण नव्हती, कारण प्रत्येक अमिनो आम्लात नायट्रोजन असतोच.

शोनहायमर, रिटेनबर्ग आणि सारा रॅटनर यांनी पूर्ण वाढलेल्या उंदरांना जड नायट्रोजन असलेले अमिनो आम्ल खाऊ घातले. या उंदरांचे वजन स्थिर होते, म्हणजे त्यांना नवे मांस चढत नव्हते. फोलिन यांचे म्हणणे खरे असते, तर जवळपास सगळा जड नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडायला हवा होता. प्रत्यक्षात त्यातला निम्म्याच्या आसपास भाग उंदरांच्या शरीरातच राहिला, आणि तोही यकृत, आतडी, मूत्रपिंड अशा अवयवांच्या प्रथिनांत. वजन तर वाढले नव्हते. याचा अर्थ एकच निघत होता: जेवढे नवे प्रथिन बनले, तेवढेच जुने मोडून गेले होते. इंजिनाचे लोखंडही रोज वितळत आणि रोज नव्याने ओतले जात होते.

हा निष्कर्ष शरीरशास्त्राला मुळापासून हलवणारा होता. शोनहायमर यांना मात्र त्याचा पुढचा प्रवास पाहता आला नाही. सप्टेंबर १९४१ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांनी आत्महत्या केली. त्यांचे विचार सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये छोट्या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध केले. शरीराचे घटक सतत घडत आणि मोडत असतात, हे त्या पुस्तकाचे सूत्र होते.

बनवण्याच्या युगातले मोडणे

यानंतरची दोन-तीन दशके जीवशास्त्रात बनवण्याची होती. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली. १९६० च्या दशकात जनुकीय संकेत उकलला गेला. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन ही साखळी स्पष्ट होत गेली आणि हुशार तरुण शास्त्रज्ञांचा ओढा तिकडे लागला. त्यातच १९५५ मध्ये पॅरिसमध्ये जाक मोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंवर प्रयोग केले. भराभर वाढणाऱ्या जिवाणूंतले एक एन्झाइम मुळीच मोडत नसल्याचे त्यांना दिसले. मग प्राण्यांच्या पेशीतही खरोखर प्रथिने मोडतात, की केवळ मेलेल्या पेशींचे अवशेष मोजले जात आहेत, अशी शंका त्यांनी उघडपणे घेतली. मोनो यांच्या शब्दाला वजन होते. शोनहायमर यांचे सूत्र काही काळ मागे पडले.

त्याच वर्षी बेल्जियममध्ये क्रिस्तियाँ द दुव यांनी लायसोसोमचा शोध जाहीर केला. पेशीच्या आत पातळ पडद्याच्या पिशव्या असतात आणि त्यांत पाचक एन्झाइमे कोंडलेली असतात, असे त्यांनी दाखवले. आता मोडण्याची जागा सापडली, असे बहुतेकांना वाटले. पेशीतली जुनी प्रथिने या पिशव्यांत जातात आणि पचून जातात, प्रश्न मिटला.

पण प्रश्न मिटला नव्हता. १९६० च्या दशकात रॉबर्ट शिम्की आणि इतरांच्या मोजमापांतून दिसू लागले की प्रत्येक प्रथिनाचे आयुष्य वेगळे असते. तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन त्या पेशीबरोबर सुमारे १२० दिवस टिकते. यकृतातली काही एन्झाइमे मात्र तासाभरात, काही तर मिनिटांत अर्धी होतात. लायसोसोमची पिशवी पेशीतला एखादा भाग उचलते तेव्हा त्यात असेल ते सगळे गिळते. मग शेजारी शेजारी तरंगणाऱ्या दोन प्रथिनांपैकी एक १० मिनिटांत संपते आणि दुसरे चार दिवस टिकते, हे तिला जमते कसे?

पुढे ब्रायन पूल आणि सहकाऱ्यांनी या शंकेला प्रयोगाचा आधार दिला. हिवतापावर दिले जाणारे क्लोरोक्विन हे औषध लायसोसोमचे काम बिघडवते. ते दिल्यावर पेशीने बाहेरून गिळलेली प्रथिने मोडणे रोखले गेले, पण पेशीची स्वतःची प्रथिने बऱ्याच अंशी पूर्वीसारखीच मोडत राहिली. म्हणजे पेशीच्या आत मोडण्याची आणखी एक व्यवस्था होती. ती कुठे आहे आणि कशी चालते, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

हर्श्को यांचा हट्ट

अव्राम हर्श्को यांचा जन्म १९३७ साली हंगेरीतल्या कार्त्साग या गावी झाला. १९४४ मध्ये त्यांच्या ज्यू कुटुंबाची आधी घेट्टोत आणि मग ऑस्ट्रियात रवानगी झाली. वडील वेठबिगारीत आणि त्यानंतर सोव्हिएत सैन्याच्या कैदेत होते. कुटुंब वाचले, पुन्हा एकत्र आले आणि १९५० मध्ये जेरुसलेमला स्थायिक झाले. हर्श्को तिथे वैद्यकशास्त्र शिकले, पण त्यांचा जीव जीवरसायनशास्त्रात होता.

१९६९ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला गॉर्डन टॉमकिन्स यांच्याकडे गेले. त्या प्रयोगशाळेत यकृतातल्या एका एन्झाइमवर काम चालू होते: हार्मोन दिले की ते जास्त कसे बनते. सगळे बनण्याच्या मागे लागलेले पाहून हर्श्को यांनी मोडणे निवडले. पेशीची ऊर्जा अडवून त्यांनी मोजमाप केले, तेव्हा त्या एन्झाइमचे मोडणे थांबले. सिम्प्सन यांचे जुने कोडे नव्या पेशीत, नव्या पद्धतीने पुन्हा समोर उभे राहिले होते. यात काहीतरी खोल दडलेले आहे, असे हर्श्को यांना वाटले आणि त्यांनी तो प्रश्न सोडला नाही. मायदेशी परतल्यावर हैफाच्या टेक्नियन संस्थेत त्यांनी छोटी प्रयोगशाळा उभारली आणि तिचे कामच हे ठरवले. १९७६ मध्ये आरोन चिखानोव्हर हा तरुण डॉक्टर तिथे पीएचडीसाठी आला.

अख्खी पेशी हाताशी असताना तिच्या आतली यंत्रणा सुटी करता येत नाही. पेशी फोडून तिच्या रसात तेच काम घडवून आणता आले पाहिजे. ही वाट १९७७ मध्ये हार्वर्डच्या जोसेफ एटलिंगर आणि आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी मोकळी केली. त्यांनी सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशी वापरल्या. या पेशी पक्व होताना आपली केंद्रके आणि लायसोसोम गमावतात, पण बिघडलेले हिमोग्लोबिन मात्र चटकन मोडतात. या पेशी फोडून मिळालेल्या रसातही हे मोडणे चालू राहिले, आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, आवश्यक होते. लायसोसोम नसतानाही ऊर्जा खर्चून प्रथिन मोडणारी यंत्रणा अशा रीतीने परीक्षानळीत आली.

हर्श्को आणि चिखानोव्हर यांनी हाच रस घेतला आणि त्याचे भाग पाडायला सुरुवात केली. प्रथिनांना त्यांच्या विद्युतभारानुसार धरून ठेवणाऱ्या एका राळेच्या नळीतून त्यांनी तो वाहवला. जो भाग नळीत न अडकता तसाच बाहेर आला तो पहिला, आणि नळीत अडकून नंतर मिठाच्या पाण्याने सोडवून घेतला तो दुसरा. पहिल्या भागात जवळजवळ सगळे हिमोग्लोबिनच होते, म्हणून तो गडद लाल होता. मोडणारे एन्झाइम हवे असणाऱ्या कुणीही तो लाल भाग मोरीत ओतला असता. पण एकट्या दुसऱ्या भागात मोडण्याचे काम जवळपास थांबले होते, आणि पहिला लाल भाग त्यात मिसळला की ते पुन्हा सुरू होत होते. म्हणजे काम करणारे एकच एन्झाइम नव्हते, निदान दोन वेगळे घटक होते, आणि त्यातला एक त्या हिमोग्लोबिनच्या गर्दीत लपला होता.

तो शोधायचा कसा? त्यांनी लाल भाग सरळ तापवला. बहुतेक प्रथिने उष्णतेने गोठतात. उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानाला हिमोग्लोबिनचा तपकिरी गाळ झाला आणि तळाशी बसला. वर राहिलेले पाणी दुसऱ्या भागात घालताच मोडणे पूर्ववत चालू झाले. उष्णतेने न बिघडणारे, अगदी लहानसे ते प्रथिन होते. १९७८ मध्ये त्यांनी हा शोध छापला आणि त्या प्रथिनाला एपीएफ-१ असे तात्पुरते नाव दिले. एवढ्या छोट्या, एन्झाइमसारख्या अजिबात न दिसणाऱ्या प्रथिनाचे मोडण्याच्या कामात काय स्थान असावे, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

फिलाडेल्फियातले उत्तर

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेत हर्श्को न्याहारीच्या वेळी आयर्विन रोझ यांच्या शेजारी बसले. रोझ हे फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कर्करोग केंद्रातले एन्झाइमांचे नामवंत अभ्यासक. बोलता बोलता समजले की त्यांनाही प्रथिने मोडण्याच्या प्रश्नात रस आहे, आणि ऊर्जा का लागते हेच त्यांचेही कोडे आहे. या विषयावर त्यांनी काहीच छापले नव्हते, कारण छापण्यासारखे अजून काही हाती लागले नाही, असे त्यांचे मत होते. हर्श्को यांनी आपल्या अभ्यासरजेसाठी त्यांचीच प्रयोगशाळा निवडली. पुढे चिखानोव्हरही उन्हाळ्यात तिथे जाऊ लागले.

१९७९ मध्ये त्यांनी शुद्ध केलेल्या एपीएफ-१ वर किरणोत्सारी आयोडीनची खूण केली आणि ते दुसऱ्या भागात मिसळले. मग मिश्रण अशा नळीतून सोडले, जिच्यातून मोठे रेणू आधी आणि लहान रेणू नंतर बाहेर पडतात. एटीपी नव्हते तेव्हा किरणोत्सार उशिरा, लहान रेणूंच्या जागी आला. यात नवल नव्हते. एटीपी घातल्यावर मात्र तोच किरणोत्सार मोठ्या रेणूंबरोबर सुरुवातीलाच बाहेर पडला. छोटे एपीएफ-१ कशाला तरी जाऊन चिकटले होते.

चिकटणे तात्पुरतेही असू शकते. पण रोझ यांच्या प्रयोगशाळेतल्या आर्थर हास यांनी तपासले, तेव्हा ही जोडणी आम्लाने, अल्कलीने किंवा इतर उपायांनी सुटेना. हे साधे चिकटणे नव्हते, पक्का रासायनिक बंध होता. लायसोझाइम हे मोडायचे प्रथिन वापरले, तेव्हा त्याच्या एकेका रेणूवर एपीएफ-१ चे अनेक रेणू जोडले गेलेले दिसले.

सगळे एकदम उलगडले. एपीएफ-१ प्रथिन मोडत नाही. ते मोडायच्या प्रथिनाला जोडले जाते आणि त्यावर खूण करते. खूण झालेले प्रथिन मग दुसरी यंत्रणा मोडते, आणि एपीएफ-१ सुटे होऊन पुन्हा कामाला येते. ऊर्जा लागते ती कापण्याआधी, निवड करण्यासाठी. कोणते प्रथिन जायचे आणि कोणते राहायचे हे ठरवण्याची किंमत पेशी एटीपीत मोजते. १९८० मध्ये या निष्कर्षाचे दोन शोधनिबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत एकापाठोपाठ प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी कीथ विल्किन्सन, मायकेल अर्बन आणि आर्थर हास यांनी ओळख पटवली की एपीएफ-१ हे आधीपासून माहीत असलेले युबिक्विटिन आहे. १९७५ मध्ये गिडियन गोल्डस्टीन यांनी ते थायमस ग्रंथीतून वेगळे केले होते, आणि डीएनए गुंडाळणाऱ्या हिस्टोन प्रथिनाला ते जोडलेले असते हेही सापडले होते. ७६ अमिनो आम्लांचे हे प्रथिन यीस्टपासून माणसापर्यंत जवळजवळ सारखेच आहे. यीस्टच्या आणि माणसाच्या युबिक्विटिनमध्ये फक्त तीन अमिनो आम्लांचा फरक आहे. उत्क्रांतीने ज्याला हात लावला नाही, त्याचे काम किती मोलाचे असले पाहिजे, हे आता उघड झाले.

पुढच्या तीन वर्षांत खूण करणारी यंत्रणाही हाती आली. तिच्यात तीन प्रकारची एन्झाइमे एकामागोमाग काम करतात. पहिले, ई-१, एटीपी खर्चून युबिक्विटिनला सज्ज करते. दुसरे, ई-२, ते आपल्याकडे घेते. तिसरे, ई-३, नेमके कोणत्या प्रथिनावर खूण करायची ते ओळखते. माणसात ई-१ केवळ दोन आहेत, ई-२ चाळिशीच्या आसपास, आणि ई-३ मात्र ६०० हून अधिक. निवडीचे सगळे सामर्थ्य या तिसऱ्या पायरीत आहे.

जिवंत पेशीतला पुरावा

हैफा आणि फिलाडेल्फियातले काम पेशींच्या रसावर झाले होते. जिवंत पेशीत खरोखर हेच घडते का? सोव्हिएत संघातून १९७७ मध्ये बाहेर पडून एमआयटीत आलेल्या अलेक्झांडर वार्शाव्हस्की यांनी ते दाखवले. जपानमध्ये उंदराच्या पेशींचा एक वाण सापडला होता, जो तापमान वाढवले की विभाजन थांबवायचा. १९८४ मध्ये वार्शाव्हस्की, डॅनियल फिनली आणि चिखानोव्हर यांनी सिद्ध केले की त्या पेशींतले ई-१ तापमानाने बिघडते. ते बिघडल्यावर अल्पायुषी प्रथिने मोडणे जवळजवळ थांबते आणि पेशी विभागू शकत नाही. खूण करण्याची यंत्रणा पेशीच्या जगण्याचाच भाग होती.

दोन वर्षांनी वार्शाव्हस्की यांच्या प्रयोगशाळेने यीस्टमध्ये आणखी एक गोष्ट उघड केली. एकाच प्रथिनाच्या सुरुवातीचे फक्त पहिले अमिनो आम्ल बदलले. ते मेथिओनिन असेल तर प्रथिन २० तासांहून अधिक टिके. आर्जिनिन असेल तर सुमारे २ मिनिटांत अर्धे होई. प्रथिनाचे आयुष्य त्याच्या रचनेतच लिहिलेले असू शकते, हे पहिल्यांदा दिसले.

खूण झालेली प्रथिने जिथे मोडतात, ती जागाही १९८० च्या दशकातच उघडी पडली. मार्टिन रेक्स्टाइनर यांच्या आणि गोल्डबर्ग यांच्या प्रयोगशाळांनी ती वेगळी केली आणि तिला प्रोटिअसोम हे नाव रूढ झाले. प्रत्येकी सात घटकांची चार कडी एकावर एक रचून झालेला हा पोकळ दंडगोल. कापणारी एन्झाइमे आतल्या बाजूला, आणि तोंडाशी खूण तपासणारे झाकण. झाकण एटीपी खर्चून प्रथिनाची घडी उलगडते आणि साखळी आत ढकलते. कापण्याच्या जागा आत बंदिस्त असल्यामुळे बाहेरचे खूण नसलेले प्रथिन सुरक्षित राहते.

नाहीसे होण्याचे काम

मोडणे हे साफसफाईचे नव्हे, कारभाराचे साधन आहे, हे सर्वात ठसठशीतपणे दिसले ते एका समुद्रकाठी. १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वूड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत टिम हंट सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या अंड्यांवर काम करत होते. फलित अंड्यांत किरणोत्सारी मेथिओनिन घालून ते थोड्या थोड्या वेळाने नमुने घेत आणि नवी प्रथिने पट्ट्यांच्या रूपात वेगळी करत. वेळ जाईल तशा बहुतेक पट्ट्या गडद होत जायच्या. एक पट्टी मात्र गडद व्हायची आणि अंडे विभागण्याच्या सुमारास एकदम नाहीशी व्हायची. पुन्हा साठायची, पुन्हा नाहीशी व्हायची. हंट यांनी त्या प्रथिनाला सायक्लिन म्हटले.

सायक्लिन साठले की पेशी विभाजनात शिरते आणि ते मोडले की विभाजनातून बाहेर पडते. १९९१ मध्ये मायकेल ग्लॉट्झर, अँड्र्यू मरे आणि मार्क किर्शनर यांनी दाखवले की ते युबिक्विटिनच्या खुणेमुळेच मोडते. त्यासाठीची प्रचंड ई-३ यंत्रणा १९९५ मध्ये सापडली, आणि त्या शोधात शिंपल्याच्या अंड्यांवर काम करणारे हर्श्कोही होते. पेशीचे चक्र पुढेच का जाते, मागे का फिरत नाही, याचे उत्तर इथे आहे. प्रथिनाचे काम बदलण्यासाठी त्याला लावलेला फॉस्फेट पेशी काढू शकते. मोडून टाकलेले प्रथिन मात्र परत आणता येत नाही. नव्याने बनवावे लागते आणि त्याला वेळ लागतो. मोडण्यामुळे निर्णय पक्का होतो.

नव्या प्रथिनांची निर्मितीही या मोडण्याच्या ताब्यात असते. एचआयएफ हे प्रथिन कमी प्राणवायूत जगायला लागणारी जनुके चालू करते. पेशी ते सतत बनवते, आणि प्राणवायू पुरेसा असेल तर काही मिनिटांत मोडूनही टाकते. हा वरवर उधळपट्टीचा व्यवहार वाटेल, पण त्यामागे शहाणपण आहे. माणूस उंच पर्वतावर गेला आणि प्राणवायू घटला की खूण करणे थांबते आणि एचआयएफ लगेच साठू लागते. जनुक वाचून ते पहिल्यापासून बनवायला लागणारा वेळ वाचतो. मग ते एरिथ्रोपोएटिनचे जनुक चालू करते आणि तांबड्या पेशी वाढतात. या यंत्रणेच्या उलगड्यासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चा नोबेल मिळाला. एका प्रथिनाला मोडायचे थांबवून पेशी दुसऱ्या अनेक प्रथिनांचे बनणे सुरू करते.

प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंत

या ज्ञानाचा उपयोग सर्वात आधी रोगाला कळला होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा पॅपिलोमा विषाणू पेशीच्याच ई-३ यंत्रणेला फितवतो आणि कर्करोग रोखणाऱ्या पी-५३ प्रथिनावर खूण करवून ते संपवतो. मार्टिन शेफनर, पीटर हाउली आणि सहकाऱ्यांनी हे १९९० मध्ये दाखवले. भारतीय स्त्रियांत या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. त्याला रोखणारी लस देताना आपण याच लुबाडणुकीचा रस्ता अडवत असतो.

माणसाने उलटी चाल केली ती १९९० च्या दशकात. गोल्डबर्ग यांनी स्थापन केलेल्या कंपनीने प्रोटिअसोमला अडवणारी औषधे शोधायला सुरुवात केली. आजारात झडणारे स्नायू वाचवायचे, हा मूळ हेतू. पण मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातल्या पेशी अँटिबॉडीची प्रथिने भरमसाट बनवतात, त्यामुळे मोडण्याची वाट तुंबली की त्या आधी मरतात. असे तयार झालेले बोर्टेझोमिब हे औषध २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आज ते पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांतही नित्याच्या वापरात आहे, आणि एकेकाळी हताशपणे पाहिलेल्या या रोगात रुग्णांचे आयुष्य त्यामुळे लांबले आहे.

थॅलिडोमाइडची कथा याहून विचार करायला लावणारी. गरोदर स्त्रियांनी घेतल्यावर हजारो बालके अपंग जन्मल्यामुळे ते १९६१ पासून बाजारातून काढले गेले. ते पेशीत नेमके कशाला बिलगते, हे २०१० मध्ये जपानमध्ये ताकुमी इतो, हिरोशी हान्दा आणि सहकाऱ्यांनी शोधले: सेरेब्लॉन या ई-३ च्या घटकाला. हे औषध त्या ई-३ ची निवडच बदलते. एरवी ज्या प्रथिनावर खूण झाली नसती, त्यावर ती करवते. त्याच्या भावंड-औषधांचा मायलोमावर जो गुण येतो तोही यामुळेच. आता शास्त्रज्ञ मुद्दाम असे रेणू घडवत आहेत, ज्यांचे एक टोक ई-३ ला आणि दुसरे रोगट प्रथिनाला धरते. त्याची पहिली कल्पना २००१ मध्ये क्रेग क्रूज आणि रेमंड डेशाय यांच्या गटांनी मांडली. रोगट प्रथिनाचे काम अडवायचे सोडून ते पेशीकडूनच संपवून घ्यायचे, ही औषधशास्त्रातली नवी वाट आहे.

२००४ चा रसायनशास्त्राचा नोबेल चिखानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना मिळाला. विज्ञानातला नोबेल मिळवणारे चिखानोव्हर आणि हर्श्को हे पहिले इस्रायली. या बहुमानाच्या मागे एक साधी गोष्ट आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. मोठी यंत्रसामग्री, मोठा गट, गाजता विषय यांपैकी काहीच हैफाच्या त्या प्रयोगशाळेकडे नव्हते. होती ती एक न जुळणारी नोंद आणि ती दुर्लक्षून पुढे न जाण्याची वृत्ती. जे फुकटात व्हायला हवे त्यासाठी निसर्ग किंमत मोजत असेल, तर त्या किमतीत काहीतरी विकत घेतले जात असणार, हा विश्वास हर्श्को यांनी दहा वर्षे सोडला नाही.

आपल्याकडे बारावीची मुले डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन कसे बनते हे पायरीपायरीने पाठ करतात, परीक्षेत आकृती काढतात आणि धडा संपतो. पेशीचे काम तिथे संपत नाही. ते प्रथिन किती काळ राहील, कोणत्या क्षणी जाईल आणि त्याच्या जाण्याने पुढे काय सुरू होईल, हे पेशी त्याच काळजीने ठरवत असते. त्याच तासाला, त्याच फळ्यावर, बनण्याच्या आकृतीशेजारी मोडण्याचीही आकृती यायला हवी. नुसते बनणे शिकवले तर मुलांच्या मनात पेशी हा एक कारखाना होऊन बसतो. दोन्ही शिकवले तर ती क्षणाक्षणाला निवड करणारी सजीव वस्तू म्हणून कळते, आणि ती खरोखर तशीच आहे.